स्टेपनी

मनोरीच्या पुळणीवर, ओहोटी संपून भरती लागायच्या
मधल्या त्या बिनकामाच्या वेळात
माझी जीप डिफरन्शियलपर्यंत बसली.
बसली म्हणजे म्हैस बसते तशी,
उठायचा काही विचारच नसलेली.

पुढे विंच होता, जुन्या बाजारातून आणलेला.
नव्वद फूट तार, हुक, सगळं तेल पाजून ठेवलेलं.
पण हुक अडकवायचा कशाला?
सुरूची झाडं दोनशे पावलांवर.
खडक नाही, खांब नाही,
आणि खाडीपलीकडे जी काही मुंबई दिसत होती
तिच्यापर्यंत तार पुरत नव्हती.

तळपदे म्हणाला, पहारी ठोकू.
तीन ठोकल्या, एकीमागे एक,
पुढचीचं डोकं मागचीच्या पायाला बांधून.
विंच कण्हला, तार ताठ झाली,
आणि पहारी निघाल्या
दहीभातातून बोट काढावं तशा.

मग इनासमामा आला.
खांद्यावर जाळं, ओठांत विझलेली विडी.
त्याने आधी पाण्याकडे पाहिलं,
मग जीपकडे, सगळ्यात शेवटी आमच्याकडे.
"दीड तास हाय तुमच्याकडं.
झाड नाय ना? मग पुरा."
"काय पुरू?"
त्याने मागच्या दारावरच्या चाकाकडे हनुवटी केली.

फावडं एकच. तळपदेच्या हातात डब्याचं झाकण.
वाळू काढावी तेवढी परत येत होती.
गुडघाभर खणलं आणि खाली पाणी लागलं,
तरी मामा म्हणे, कमरेपर्यंत.
"चाक उभं ठेव, तोंड गाडीकडं.
मधल्या भोकातनं साखली, मागनं पहार आडवी.
आन साखलीला चर खण, तिरका, लांब.
वर खेचशील त वर येल.
आडवा खेच, मग तिला सगली पुलण खेचाय लागते."

पुरलं. तुडवलं. पुन्हा वाळू, पुन्हा तुडवलं.
या शहरात मी तोवर काहीच पुरलं नव्हतं.
चारकोपला अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट,
भिंतीत खिळा ठोकायचा तरी
मालकाला फोन.

तारेवर मामाचं ओलं गोणपाट टाकलं,
तुटली तर माणूस कापते म्हणून.
इंजिनाला रेस दिली.
चाक पुरलं होतं तिथे वाळूत एक भेग उमटली,
बांगडीएवढी, मग ताटाएवढी.
आम्ही तिघेही त्या भेगेकडेच बघत होतो,
जीपकडे कोणीच नाही.
भेग थांबली.
जीप हलली.
एक वीत. मग एक हात.
मग ती आपण होऊनच आल्यासारखी आली.

तोवर खड्ड्यावर पाणी आलेलं.
हुक सोडवला. साखळी, पहार, चाक
तसंच खाली.
"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाला, "जातंय कुठं?"
पैसे घेतले नाहीत.
गोणपाट मात्र आठवणीने मागून घेतलं.

गणपतीनंतर त्याचा फोन आला.
"तुझ्या चाकाला माझी होडी बांधतंय.
जुना नांगर गेला, त्याचा दात मोडला."
मी हसलो. आमच्याकडे देशावर
नांगर म्हणजे जमीन उकरायची वस्तू.
मनोरीत नांगर म्हणजे थांबायची.
हे त्याला सांगावंसं वाटलं,
पण त्याने तोवर मासळीचा भाव सांगायला सुरुवात केली होती.

नवी स्टेपनी अजून घेतलेली नाही.
तळपदे विचारतो, हायवेवर पंक्चर झाली तर?
बघू, म्हणतो मी.
घरात भिंतीवर,
खिळा न ठोकता, सेलोटेपने,
भरती-ओहोटीचं कोष्टक लावलंय.